स्वेश्तारी येथील दहा स्त्रीमूर्ति : देवता कीं भारवाहिनी ?

डॅन्यूब नदीच्या दक्षिणेस, हल्लींच्या बल्गेरियाच्या ईशान्य भागांत, स्वेश्तारी नांवाचें एक खेडें आहे. हा प्रदेश प्राचीन काळीं थ्रेशियन लोकांपैकीं गेटी नांवाच्या जमातीचा होता. त्या खेड्याजवळील गिनिना मोगिला या टेकाडाच्या पोटांत १९८२ सालीं एक दगडी थडगें उघडकीस आलें. तें इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांतील असून कोणा राजपुरुषासाठीं बांधलें असावें, येथपर्यंत तज्ज्ञांचें बहुधा एकमत आहे. त्याच्या मुख्य दालनाच्या भिंतींवर दहा स्त्रीमूर्ति कोरलेल्या आहेत. वरील अर्धें शरीर स्त्रीचें; खालीं वस्त्राच्या चुण्या पानाफुलांचें रूप घेतात. दोन्ही हात वर उचललेले आहेत. १९८५ सालीं युनेस्कोनें या थडग्यास जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, आणि तेव्हांपासून या मूर्तींचीं छायाचित्रें जगभर गेलीं. छायाचित्रांबरोबर एक नांवही गेलें : थ्रेशियनांची महामाता देवी.

हें नांव त्या दगडाचें आहे कीं दगड पाहणारांचें, याची छाननी करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे आम्ही तटस्थपणें पाहत आहों, असें मात्र म्हणवत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं या मूर्तींचें छायाचित्र आमच्या पाहण्यांत आलें तेव्हां आम्हांस तत्काळ देवीमाहात्म्यांतील शाकंभरीचें स्मरण झालें, व ‘शाकंभरीची एक पाश्चात्य भगिनी’ असें तिचें वर्णन आम्हीं एका व्याख्यानांत भर सभेंत केलें. श्रोत्यांस तें आवडलें. आम्हांसही आवडलें. पुढें उत्खननाचें प्रकाशित वर्णन सावकाश वाचल्यावर, आम्हीं दगड वाचला नव्हता, स्वतःचें पाठांतरच वाचलें होतें, अशी आमची खात्री झाली. तें मत आम्ही येथें मागें घेत आहों. प्रत्यक्ष शिला आम्हीं पाहिलेल्या नाहींत. छायाचित्रें व प्रकाशित वर्णनें एवढ्यावरच पुढील विवेचन आधारलेलें आहे, हेंही आरंभींच सांगणें उचित होय.

१. वस्तुस्थिति

प्रथम, अर्थाचा विचार बाजूस ठेवून, जें आहे तें पाहूं. थडग्यास एक प्रवेशमार्ग व तीन दालनें आहेत. मुख्य दालनावर अर्धवर्तुळाकार कमानीचें छत आहे. प्रवेशाच्या वरील पट्टींत बैलांचीं मस्तकें, फुलें व माळा कोरल्या आहेत. मुख्य दालनाच्या भिंतींस ग्रीक पद्धतीचे अर्धस्तंभ व वर डोरिक पद्धतीची पट्टी आहे. म्हणजे भिंतीस मंदिराच्या दर्शनी भागाचें रूप दिलें आहे. या स्तंभरचनेंतच दहा स्त्रीमूर्ति उठावांत कोरल्या आहेत : समोरच्या भिंतीवर चार, बाजूंच्या भिंतींवर तीन तीन. उंची सुमारें एक मीटर वीस सेंटिमीटर. अंगांत बिनबाह्यांचा लांब झगा, स्तनांखालीं बांधलेला पट्टा, व त्याखालीं उलट्या फुलाप्रमाणें पसरलेल्या पाकळ्या व वळणदार पानें. हात शरीराच्या मानानें मोठे, व ते वरील तुळईस आधार देत असावेत अशा बेतानें उचललेले. दगडावर मूळ रंगाच्या खुणा शिल्लक आहेत.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. पहिली ही कीं, सर्व मूर्तींचें काम सारखें नाहीं. कांहींचे चेहरे व वस्त्रें नीट पुरीं केलीं आहेत. कांहींचें काम घाईचें व अपुरें आहे. दुसरी ही कीं, समोरच्या भिंतीच्या वर, छताखालील अर्धवर्तुळांत, एक रेखाचित्र आहे. त्यांत एक घोडेस्वार व त्यास मुकुटाप्रमाणें हार अर्पण करणारी एक स्त्री दाखविली असून दोघांच्या मागें अनुचर आहेत. हें चित्रही पुरें झालेलें नाहीं.

संपूर्ण थडग्यांत यांपैकीं कोणाचेंही नांव लिहिलेलें नाहीं.

२. पूर्वपक्ष

या मूर्तींना महामाता ठरविणारें मत कोणा हौशी प्रवाशाचें नव्हे. थडग्याच्या उत्खननाची धुरा मारिया चिचिकोवा या विदुषींनीं वाहिली, व १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या लेखकांत त्यांच्या जोडीस अलेक्झांडर फोल हे होते. फोल हे १९७२ सालीं स्थापन झालेल्या थ्रेशियन विद्येच्या संस्थेचे संस्थापक. त्यांनीं आयुष्यभर जो सिद्धांत मांडला तो थोडक्यांत असा : थ्रेशियन राजघराण्यांत एक गुप्त व मौखिक धर्मविद्या होती, तिच्या केंद्रस्थानीं विश्वाची महामाता, तिचा पुत्र, व त्या पुत्राचें स्थान भूषविणारा राजा असें त्रिकूट होतें, मरणानंतर राजास अमरत्व मिळे, आणि थडगीं हीं केवळ प्रेतस्थानें नसून त्या विद्येचीं देवळें होत. या सिद्धांताच्या प्रकाशांत पाहतां स्वेश्तारीच्या स्त्रियांचें वनस्पतिरूप म्हणजे सृजनशक्ति, त्यांचे उंच हात म्हणजे विश्वाचा आधार, आणि वरील चित्रांतील हार म्हणजे मातेनें पुत्रास दिलेलें अमरत्व, असा अर्थ सहज लागतो.

या मताचा एक मोठा गुण आम्ही मुक्तकंठानें मान्य करितों. त्यापूर्वीं पुष्कळ पंडित थ्रेशियन कलेकडे ग्रीक कलेची अडाणी नक्कल म्हणूनच पाहत असत. या लोकांस स्वतःचा विचार होता, व तो त्यांच्या थडग्यांवरून शोधला पाहिजे, असा आग्रह फोल यांनीं धरला. तो आग्रह योग्यच होता. आमचा वाद आग्रहाशीं नाहीं, प्रमाणाशीं आहे.

३. उत्तरपक्ष

पहिला दोष अन्योन्याश्रयाचा. थ्रेशियनांचा स्वतःचा ग्रंथ एकही नाहीं. त्यांच्या भाषेंतील लेख हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे आहेत. त्यांतील सुप्रसिद्ध लेख एझेरोवो येथें १९१२ सालीं मिळालेल्या सोन्याच्या अंगठीवरचा. त्यांत ग्रीक लिपींतील अवघीं ६१ अक्षरें आहेत, व त्यांचीं वाचनें वाचणारागणिक भिन्न आहेत. अशा स्थितींत महामातेची विद्या कशावरून सिद्ध होते ? चित्रांवरून व शिल्पांवरून. आणि तीं चित्रें-शिल्पें महामातेचीं हें कशावरून ? त्या विद्येवरून. न्यायशास्त्र शिकणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही येथें बोट ठेवील. विद्या मौखिक व गुप्त होती असें म्हटल्यानें हा दोष जात नाहीं, उलट दृढ होतो. कारण जी गोष्ट गुप्त होती म्हणून तिचा पुरावा नाहीं, तिचें खंडन करण्यासही वाव उरत नाहीं. ज्यास खंडनाची भीति नाहीं त्यास मंडनाचें बळही नसतें.

दुसरा दोष असा कीं, हेतु साध्यापलीकडे जातो. आमच्या परिभाषेंत, तो सव्यभिचारी आहे. ‘वरचें अंग स्त्रीचें, खालचें वेलीपानांचें, म्हणून ती देवी’ हा नियम खरा असेल तर तो सर्वत्र टिकला पाहिजे. ही आकृति त्या काळीं ग्रीक कलेंत व ग्रीकांशीं व्यवहार असलेल्या प्रदेशांत दूरवर पसरलेली होती. मॅसिडोनियाच्या राजांच्या ऐगाई येथील, म्हणजे हल्लींच्या व्हेर्गिना येथील, राजवाड्यांत भोजनशाळेच्या जमिनीवर खड्यांचें एक सुंदर वेलबुट्टीचें चित्र आहे. त्याच्या चारही कोपऱ्यांत अशाच वेलांत विरघळणाऱ्या स्त्रिया आहेत. तेथें मेजवानीस बसणारा कोणी त्यांस महामाता मानून पाय आंखडीत असेल असें वाटत नाहीं. येथें प्रतिपक्षी म्हणेल कीं, पेल्ला येथील घरांत चित्त्यावर बसलेला प्रत्यक्ष डायोनिससही जमिनीवरच आहे, म्हणून जमिनीवर असणें हें देवत्वाच्या विरुद्ध प्रमाण नव्हे. तें आम्हांस मान्य आहे. परंतु डायोनिसस हा त्याच्या रूपावरून व वाहनावरून, आणि तें रूप व वाहन सांगणाऱ्या ग्रंथांवरून ओळखतो. वेलीच्या स्त्रीविषयीं तसा ग्रंथ कोठें आहे ?

एक ग्रंथ जवळपास येतो, तो नाकारणें अन्यायाचें होईल. हिरोडोटसच्या चौथ्या भागांत काळ्या समुद्राकांठच्या ग्रीकांनीं सांगितलेली एक कथा आहे : वर स्त्री व खालीं सर्पिणी अशा एका प्राण्याची हेराक्लीसशीं गांठ पडली व तिच्या पोटीं सिथियन वंशाचा मूळपुरुष जन्मला. सिथियनांच्या त्सिंबाल्का नामक टेकाडांत मिळालेल्या घोड्याच्या सुवर्णभालपट्टावर जिचे पाय सर्पांत व वेलींत परिणत होतात अशी स्त्री आहे, व तिचा या कथेशीं संबंध जोडणें गैर नाहीं. पण ती कथा सिथियनांची, प्रदेश दुसरा, आणि शरीर सापाचें. स्वेश्तारीच्या मूर्तींत साप नाहीं. शेजाऱ्याच्या कुलकथेवरून या घरची कुलदेवता ठरवावयाची असेल तर मध्यें निदान एक पायरी पाहिजे. ती पायरी अद्याप कोणी दाखविलेली नाहीं.

तिसरा दोष कार्याकडे दुर्लक्ष केल्याचा, आणि आमच्या मतें हाच मूळ दोष होय. मूर्ति कोणाची हा प्रश्न दुसरा. मूर्ति येथें काय काम करते हा पहिला. स्वेश्तारीच्या स्त्रिया स्तंभांच्या ओळींत उभ्या आहेत व त्यांच्यावर तुळई आहे. उचललेल्या हातांस उपासनेची किंवा आशीर्वादाची मुद्रा म्हणण्यापूर्वीं, डोक्यावर भार असलेला मनुष्य हात वर करितो, ही साधी गोष्ट विसरतां कामा नये. सिसिलींतील आक्रागास येथील झ्यूसच्या मंदिरांत प्रचंड पुरुष असेच हात उचलून भार घेतात. आमच्या नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखालीं सहा धिप्पाड पुरुष तुळया खांद्यावर घेऊन आहेत. त्या सहांची कोणी सहा देवतांत गणना करून त्यावरून सातवाहनांचा धर्म ठरवीत नाहीं.

या बाबतींत दप्तराचा कागद काय सांगतो हें आमच्या वाचकांस विशेष रुचेल. अथेन्सच्या एरेख्थेइऑन मंदिरांतील सहा स्त्रीस्तंभ जगप्रसिद्ध आहेत. त्यांविषयीं किती तरी उपपत्ति झाल्या. रोमन शिल्पशास्त्रकार व्हिट्रुव्हियस यानें सुमारें चार शतकांनंतर अशा स्तंभांची कथा दिली ती कारिए नगरच्या गुलाम झालेल्या स्त्रियांची, व तीवरून ‘कॅरिअॅटिड’ हें नांव रूढ झालें. परंतु त्या मंदिराच्या बांधकामाचे हिशेब शिळेवर कोरलेले उपलब्ध आहेत, आणि त्यांत या स्तंभांस नुसतें ‘कोराइ’, म्हणजे मुली, असें म्हटलें आहे. बांधणाराच्या तोंडीं ना देवी, ना दासी, मुली. स्वेश्तारीचा हिशेब मिळाला असता तर त्यांत काय असतें तें कोणी सांगावें ! पण मिळालेल्या एका हिशेबानें शिकविलेला विनय न मिळालेल्या हिशेबाच्या ठिकाणींही राखावयास हवा.

चौथा दोष संख्येचा. महामाता एक, मूर्ति दहा. या दहांस एकाच देवीचीं दहा रूपें म्हणावें तर रूपभेद दाखविणारें एकही चिन्ह नाहीं. भेद आहे तो कारागिराच्या हाताचा व उरलेल्या वेळाचा. समोर चार व बाजूंस तीन तीन ही वांटणी तीन भिंतींच्या मांडणीवरून झालेली दिसते, कोणत्याही तत्त्वसंख्येवरून नव्हे. तसेंच, दालनाची जी आराध्यदेवता तिचा चेहरा अपुरा ठेवून थडगें बंद करणें, व अलंकाराचा स्तंभ अपुरा ठेवून बंद करणें, या दोहोंपैकीं घाईच्या वेळीं काय अधिक संभवनीय आहे, याचा विचार वाचकांनींच करावा.

पांचवी गोष्ट दोष म्हणून नव्हे, केवळ नोंद म्हणून. हिरोडोटस गेटी लोकांविषयीं सविस्तर लिहितो. ते स्वतःस अमर समजतात, व मेलेला मनुष्य झाल्मॉक्सिस नांवाच्या देवाकडे जातो असें मानतात, असें तो सांगतो. तेथें देवीचें नांव नाहीं. सर्वसाधारण थ्रेशियनांच्या देवतांत तो आर्टेमिसचें ग्रीक नांव घेतो, परंतु राजे मात्र मुख्यत्वें हर्मीसची पूजा करितात असें पुढें जोडतो. मौन हें प्रमाण नव्हे. हिरोडोटसनें सर्व पाहिलें होतें असेंही नाहीं. तथापि ज्या साक्षीदारानें गेटींच्या अमरत्वाविषयीं तोंड उघडलें, त्याच्या साक्षींत मातेस जागा नाहीं, हें पूर्वपक्षानें निदान सांगितलें तरी पाहिजे.

४. भारवाहिनी असून देवी असूं शकते काय ?

असूं शकते, आणि येथें आम्हीं आमच्याच मताची तपासणी केली पाहिजे. आमच्या देवालयांच्या द्वारशाखांवर गंगा व यमुना उभ्या असतात. त्या दाराची शोभाही आहेत व देवताही आहेत. म्हणून ‘भार घेते, सबब देवी नव्हे’ असें अनुमान आम्ही करीत नाहीं. तेंही तितकेंच सदोष होईल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, देवत्व हें निराळ्या पुराव्यानें सिद्ध व्हावें लागतें. गंगेच्या पायांखालीं मकर आहे, यमुनेच्या पायांखालीं कूर्म आहे, आणि मकर व कूर्म यांचा अर्थ सांगणारे ग्रंथ आमच्या घरांत आहेत. मूर्ति, लक्षण व ध्यान या तिहींची गांठ पडली म्हणजे नांव ठरतें. स्वेश्तारींत मूर्ति आहे, लक्षण संदिग्ध आहे, ध्यान नाहीं.

थ्रेशियन देवीच्या बाबतींत अशी गांठ कधींच पडत नाहीं असेंही नव्हे. एक उदाहरण देतों. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें अथेन्सच्या पायरियस बंदरांतील एक संगमरवरी शिळा आहे. काळ इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकाचा आरंभ. तीवर एक उंच स्त्री उभी असून तिच्या डोक्यावर पुढें झुकलेली टोंकदार टोपी, अंगांत आंखूड वस्त्र व पायांत उंच बूट आहेत. तिच्यासमोर दोन दाढीवाले पुरुष व त्यांच्यामागें आठ नग्न तरुण आले आहेत. दृश्यांत मशालही आहे. ही थ्रेशियन देवी बेंडिस होय, याविषयीं विद्वानांत मतभेद नाहीं. कां नाहीं ? अथेन्सच्या देवद्रव्याच्या हिशेबांत इसवी सनापूर्वीं ४२९ च्या सुमारास तिचें नांव येतें. पायरियसमध्यें तिच्या भक्तमंडळांचे ठराव शिळेवर सांपडले आहेत. प्लेटोचा ‘रिपब्लिक’ हा संवाद तिच्या पहिल्या उत्सवाच्या दिवशींच सुरू होतो. आरंभीं नुसतें ‘देवी’ म्हटलें असून उत्सवाचें नांव पहिल्या भागाच्या शेवटीं येतें, आणि घोड्यांवरून मशालींची शर्यत होणार असल्याचेंही त्यांत आहे. मशाल शिळेवर, मशालींची शर्यत ग्रंथांत, नांव हिशेबांत व ठरावांत. ही गांठ.

तरीही पहा. कवि क्रॅटिनस यानें बेंडिसला ‘दोन भाल्यांची’ म्हटलें होतें. त्या विशेषणाचा अर्थ देतांना कोशकार हेसिकियस यास तीन पर्याय द्यावे लागले : तिच्याकडे स्वर्ग व भूमि असे दोन अधिकार म्हणून, ती खरोखर दोन भाले धरी म्हणून, किंवा तिचे प्रकाश दोन म्हणून. जिचें नांव, उत्सव, देऊळ व खर्च सर्व ज्ञात, तिच्या एका विशेषणाचा अर्थ प्राचीनांसच निश्चित ठाऊक नव्हता. मग जिचें नांवही ठाऊक नाहीं तिच्या झग्याच्या पाकळ्यांवरून विश्वोत्पत्तीचें तत्त्वज्ञान आम्हीं कोणत्या बळावर सांगावें ?

५. शाकंभरीविषयीं

आतां आमच्या जुन्या मताचा निकाल लावूं. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायांत देवी सांगते कीं, दीर्घ अवर्षण पडेल तेव्हां मी स्वतःच्या देहांतून उत्पन्न झालेल्या शाकांनीं लोकांचें पोषण करीन, व त्यामुळें माझें नांव शाकंभरी पडेल. या वर्णनाचा प्राण पोषणांत आहे. शाक हें साधन. स्वेश्तारीच्या स्त्रिया कोणासही कांहीं देत नाहींत. त्यांचे हात छतास लागले आहेत. वनस्पति त्यांच्या देहांतून निघत नाहीं. त्यांचें वस्त्रच वनस्पतीच्या आकाराचें झालें आहे. शिवाय हा ग्रंथ त्या थडग्यानंतर कित्येक शतकांनीं, व हजारों मैल दूर रचला गेला. मध्यें दुवा एकही नाहीं. म्हणजे आम्हीं जोडलेलें साम्य ‘स्त्री व पानें’ या दोन शब्दांपुरतें होतें. एवढ्या साम्यावर जगांतील अर्ध्या वेलबुट्ट्या शाकंभरी होतील.

ही चूक किती सहज होते हें उलट्या बाजूनें पाहिलें म्हणजे कळतें. आमच्या गांवोगांवच्या वेशींबाहेर सतीच्या शिळा उभ्या आहेत. त्यांवर कोपरांत वांकवून वर उचललेला, बांगड्यांनीं भरलेला एक हात असतो. समजा, आमचे सर्व ग्रंथ, बखरी व कागद नष्ट झाले, आमची भाषा कोणास वाचतां येईना, आणि दोन हजार वर्षांनीं दूरदेशचा एक विद्वान् त्या शिळेपुढें उभा राहिला. हात उचललेला आहे, शिळेस शेंदूर आहे. तो खचित लिहील कीं, ही या लोकांची अभय देणारी महामाता होय. त्याच्या ग्रंथास मान मिळेल. आणि त्या शिळेखालच्या स्त्रीचें काय झालें होतें, हें पुन्हा कोणासही कळणार नाहीं. खोट्या देवत्वानें खरा मनुष्य झांकला जातो. चुकीच्या नांवाची हानि ती हीच. स्वेश्तारीच्या थडग्यांतही कोणी माणसें निजलीं होतीं, व त्यांच्यासाठीं कोणी घाईनें दगड फोडले होते. त्यांजविषयीं जें थोडें कळणें शक्य आहे, तें महामातेच्या मोठ्या नांवाखालीं दडपलें जाऊं नये.

६. मग देवी कोठें आहे ?

थडग्यांत देवी नाहींच, असा आमचा आग्रह नाहीं. असल्यास ती भिंतींवर नसून वर अर्धवर्तुळांतील चित्रांत असण्याचा संभव अधिक आहे. तेथील स्त्री भार घेत नाहीं. ती कांहीं देते, व घेणारा घोडेस्वार आहे. हा प्रसंग एकटा नाहीं. ब्रेझोवो येथील सोन्याच्या अंगठीवरही घोडेस्वारासमोर उभी राहून शिंगाच्या आकाराचें पानपात्र देणारी स्त्री कोरली आहे. एकच प्रसंग भिन्न ठिकाणीं, भिन्न पदार्थांवर पुन्हा दिसतो तेव्हां त्यामागें कांहीं ठरलेला अर्थ असावा असें मानणें रास्त होय. तो अर्थ राज्यदानाचा असेल, मरणोत्तर गौरवाचा असेल. देणारी देवी असेल किंवा राणीही असेल. यांपैकीं देवी हा पर्याय आम्हांस अधिक संभवनीय वाटतो, कारण मृतास हार देण्याचा अधिकार जिवंत राणीपेक्षां देवतेस अधिक शोभतो. परंतु हें ‘वाटणें’ आहे, सिद्धांत नव्हे. तिचें नांव मात्र त्या चित्रांत नाहीं. आणि खालच्या दहा जणी म्हणजे तीच, असें म्हणण्यास तर चित्रांतच आधार नाहीं, कारण चित्रांतील स्त्री पूर्ण मानवी आहे.

थडग्याच्या मालकाविषयींही हाच संयम हवा. लिसिमाकस राजास युद्धांत पकडणारा गेटी राजा ड्रोमिकाइटीस याचें हें थडगें असावें, असें मत मांडलें गेलें आहे. काळ जुळतो, वैभव जुळतें. पण लेख नाहीं.

७. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश तीन पायऱ्यांनीं देतों. निश्चित तें हें : स्वेश्तारीच्या दहा मूर्ति स्तंभरचनेचा भाग असून त्यांचें कार्य भार घेण्याचें आहे, आणि त्यांचें वनस्पतिरूप तत्कालीन ग्रीक व मॅसिडोनियन कलेंत परिचित असलेल्या आकृतीचें स्थानिक रूप आहे. संभाव्य तें हें : वरील चित्रांतील हार देणारी स्त्री ही देवता असावी, आणि दालनास मंदिराचें रूप देण्यांत मृतास सामान्य मनुष्यापलीकडे नेण्याचा हेतु असावा, मग खालच्या स्त्रियांसही त्या पवित्र स्थानाच्या परिवारांत कांहीं मान असेल. असिद्ध तें हें : त्या दहा मूर्ति एका महामातेच्या आहेत, व त्या महामातेची एक संपूर्ण धर्मविद्या त्या दगडांत वाचतां येते.

आपल्या संग्रहांतील वस्तूंवर चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मित्रांस या निमित्तानें एक विनंति करावीशी वाटते. प्रथम जें डोळ्यांस दिसतें तें लिहावें : स्त्री, उभी, हात वर, अधोभाग पानांचा, अमुक ठिकाणीं अमुक जागीं सांपडलेली. एक ओळ मोकळी सोडावी. मग खालीं, निराळ्या शाईनें, आपला तर्क लिहावा व तो तर्क म्हणूनच लिहावा. दोन ओळी एकदां मिसळल्या म्हणजे पुढच्या पिढीस त्या सोडवितां येत नाहींत. आमच्या जुन्या व्याख्यानाचें टिपण आम्हांपाशीं अद्याप आहे. त्यांतील ‘शाकंभरी’ हा शब्द आम्हीं खोडलेला नाहीं. त्याच्या समासांत आजची तारीख घालून ‘हें दगडांत नाहीं’ एवढेंच लिहून ठेविलें आहे.